ऑस्ट्रियाची लिओपोल्ड ऑर्डर : श्रेणी कशी ओळखावी?

प्रश्न (नाणेसंग्राहक, म्हापसे)

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी नाणी चाळताना लाल मिन्याचा, पांढऱ्या कडांचा एक क्रूस हाती आला. मध्यभागी एफ, आय, ए ही अक्षरे गुंफलेली असून भोवती ‘इंतेग्रिताती एत मेरितो’, म्हणजे ‘सचोटीला आणि गुणवत्तेला’, असे लॅटिन शब्द आहेत. हे पदक लिओपोल्ड ऑर्डरचे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून मिळणाऱ्या त्या नावाच्या सन्मानाचे, असावे, असे वाटते. त्याची श्रेणी कशी ठरवावी, आणि त्यासोबत सरदारकी मिळत असे हे खरे काय?

उत्तर १ (मडगाव)

आपला तर्क योग्य आहे. सम्राट फ्रान्झ पहिला याने आपले वडील लिओपोल्ड दुसरे यांच्या स्मरणार्थ १८०८ च्या जानेवारीत ही ऑर्डर स्थापन केली आणि ती अक्षरे त्याच्याच लॅटिन बिरुदाची आहेत. आपण नाणी जमवता म्हणून सांगतो, गोव्याच्या रुपयावर जिची मुद्रा दिसते ती पोर्तुगालची राणी मारिया दुसरी ही याच फ्रान्झची नात, त्याची मुलगी लिओपोल्दिना हिची कन्या.

आरंभी ग्रँड क्रॉस, कमांडर आणि नाईट अशा तीनच श्रेणी होत्या. १९०१ मध्ये पहिल्या दोहोंच्या मध्ये ‘प्रथम वर्ग’ घातला गेला. त्यामुळे ‘प्रथम वर्ग’ हे नाव ऐकून ती सर्वोच्च श्रेणी समजू नये, ती चूक अनेक जण करतात. ग्रँड क्रॉस खांद्यावरून घेतलेल्या रुंद पट्ट्यावर, कमांडरचा क्रूस गळ्यात आणि नाईटचा छातीवर लावत. आपल्याकडे पोर्तुगीज अमदानीत ‘कोमेंदादोर’ म्हणत, तो कमांडरच.

उत्तर २ (फोंडा)

सरदारकीबद्दल थोडे स्पष्ट करतो. १८८४ पर्यंत या ऑर्डरच्या कमांडरला अर्ज करून वंशपरंपरागत ‘फ्रायहेर’, म्हणजे बॅरन, आणि नाईटला ‘रिटर’ ही पदवी मागता येत असे. त्या वर्षी ही सवलत रद्द झाली. त्यामुळे १८८० चा नाईट आणि १८९० चा नाईट यांचा क्रूस सारखाच दिसला, तरी त्यांच्या मुलांच्या नशिबी आलेले मोल सारखे नव्हते. माझ्या मते या ऑर्डरच्या इतिहासात हाच सर्वांत लक्षात घेण्यासारखा भाग आहे.

ऑस्ट्रियाचाच नंतरचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याच्या नावाची ऑर्डर मात्र निराळी. ती २ डिसेंबर १८४९ रोजी, त्याच्या राज्यारोहणाच्या पहिल्या वर्धापनदिनी, स्थापन झाली. मानाच्या क्रमात ती लिओपोल्डच्या खाली होती आणि तिच्यासोबत सरदारकीचा हक्क नव्हता. लिओपोल्डच्या क्रुसात सोनेरी लॉरेलची माळ गुंफलेली असल्यास तो युद्धातील कामगिरीबद्दल दिलेला समजावा.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. माळ नव्हती, आणि आकार छातीवर लावण्याजोगा लहान होता, म्हणजे नाईट.

उत्तर १ (मडगाव)

घाई करू नका, आधी मागची बाजू पाहा. तेथे ओकच्या पानांच्या माळेत लिओपोल्डचे ब्रीद ‘ओपेस रेगुम कोर्दा सुब्दितोरुम’, म्हणजे ‘प्रजेची मने हीच राजांची संपत्ती’, कोरलेले असले पाहिजे. ते नसेल, तर विक्रेत्याने सांगितलेली किंमत मुळीच देऊ नका.