मुलाला निरोप्या करू नका
वर एका ताईंनी विचारलंय, नवरा-बायकोचं पटत नसताना समुपदेशनाला एकट्या मुलालाच न्यावं का. कृपया तसं करू नका. माझा भाचा नऊ वर्षांचा. शनिवारी सांगलीहून साताऱ्याला वडिलांकडे जायचं, की शुक्रवारी रात्रीच पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडेना. "तिकडे काय म्हणाले?" हा प्रश्न त्याला दोन्ही घरांत. साल्वादोर मिनुचिन या कुटुंबोपचारतज्ज्ञांनी यालाच त्रिकोणीकरण म्हटलंय: एकाची बाजू घेतली की दुसऱ्याशी बेइमानी. समुपदेशक बाईंनी आधी आई-वडिलांना वेगवेगळं बसवलं. फीचे, सुट्टीचे निरोप मुलाकरवी पाठवणं बंद करायला लावलं. पोटदुखी हळूहळू थांबली, फार बरं वाटलं. मात्र घरात मारहाण होत असेल, तर दोघांना एकत्र बसवायचा आग्रह धरू नका. आधी सुरक्षितता बघा.