मेडिक्लेमच्या फायलींवरून साथीचे नकाशे काढणाऱ्यांना

घोडबंदरकर: परवा इथे 'डेटासाक्षर' यांनी लिहिलं की घरोघरी सर्व्हे कशाला, फुले योजना आणि आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनांचे ढीगभर क्लेम पडलेत, ते संशोधकांना देऊन टाका, ठाणे जिल्ह्यात कुठला आजार किती ते आठवड्यात कळेल. वाचून डोकंच फिरलं. मी हॉस्पिटलच्या क्लेम डेस्कला बरीच वर्षं काढलीत. अहो, ती नोंद होते पैसे मिळायला! पेशंट कुठल्या पॅकेजात, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या उपचारात, बसतो ते आधी बघतात. शुगरवाला हर्नियाला आला की क्लेमात दिसतो फक्त हर्निया, शुगर डिस्चार्ज कार्डावर कुठेतरी खाली. या योजना ऍडमिट पेशंटच्या, म्हणजे ओपीडीतून गोळ्या घेऊन घरी गेलेला तापवाला तुमच्या नकाशात नाहीच. वर शहापूर-मुरबाडचे लोक ठाण्यात येऊन ऍडमिट होतात, हॉस्पिटलच्या पत्त्यावर मोजलंत तर ठाणेकर आजारी आणि शहापूर ठणठणीत. आणि आजाऱ्यांचा आकडा भागायचा कुठल्या लोकसंख्येने? २०११ च्या जनगणनेने? त्यानंतर घोडबंदर रोडला किती टॉवर उभे राहिले ते एकदा येऊन बघा.

डेटासाक्षर: साहेब, एवढं लिहिलंत पण डेन्मार्कचं नाव नाही? तिथे १९६८ पासून प्रत्येकाला एक नंबर, १९७७ पासून हॉस्पिटलच्या नोंदींचं राष्ट्रीय रजिस्टर. अशाच सरकारी नोंदी जोडून २०१९ मध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास आला, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लशीने ऑटिझम होत नाही हे त्यात दिसलं. घरोघरी जाऊन कधी झालं असतं हे? राहिला पत्ता, तर पेशंटचा पिनकोड घ्या ना, हॉस्पिटलचा कोण घेतंय. निदानावर भरवसा नाही तर काही फायली काढा, मूळ केसपेपरशी ताडून बघा, किती टक्के जुळतं ते कळतं. डायलिसिस, सिझेरियन, अँजिओप्लास्टी यात काय खोटं लिहिणार? निदान सैल असतं, प्रोसिजर बऱ्यापैकी पक्की असते.

नेरूळची मावशी: मधे बोलते, माफ करा. भाच्याला डेंग्यू झाला, डॉक्टर म्हणाले घरी ठेवलात तर क्लेम नाही, चोवीस तास ऍडमिट करा. केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्चार्ज सांगितला आणि टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्यांचं, अप्रूव्हल आलं रात्री, तेवढ्यात अजून एका दिवसाचं रूम भाडं लागलं! कोणी विचारणारं आहे का नाही?

सीवूड्स ईस्ट: मावशी, २०२४ मध्ये इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, नियम काढलाय, डिस्चार्जची रिक्वेस्ट गेल्यावर तीन तासांत कॅशलेसचं उत्तर द्यायचं, उशिराचा जादा खर्च विमा कंपनीने सोसायचा. तक्रार टाका.

नेरूळची मावशी: नियम कागदावर हो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला सिस्टीम स्लो आहे.

घोडबंदरकर: काउंटरवरच्या मुलाला बोलू नका, तो पण तिथे जेवायला उठू शकत नाही. नुसत्या गोळ्यांवर ऍडमिट ठेवलं की विमावाले म्हणतात ऍडमिशनची गरजच नव्हती, क्लेम नामंजूर. म्हणून सलाईन लागते. आता बोला डेटासाक्षर, तुमच्या डेटात हा सलाईन लागलेला 'गंभीर' पेशंट. शिवाय पालिका लॅबमधल्या एलायझा तपासणीने पक्की झालेली केसच डेंग्यू धरते, प्रायव्हेटवाल्यांची झटपट रॅपिड किट 'संशयित' मध्ये. दोन आकडे जन्मात जुळणार नाहीत.

सीवूड्स ईस्ट: म्हणजे हॉस्पिटलवाले उगाच सलाईन लावतात हे तुम्ही कबूल करताय 😀

घोडबंदरकर: शब्द तोंडात कोंबू नका. सगळा दोष हॉस्पिटलचा, विमा कंपन्या धुतल्या तांदळाच्या, नाही का?

कोपरीकर: भांडा तुम्ही. माझा मुद्दा वेगळा. वडील कॅन्सरने गेले, घरातल्या सगळ्यांनी बघितलं, आणि दाखल्यावर मृत्यूचं कारण काय तर हृदयक्रिया बंद पडणे. मेल्यावर कोणाची चालू राहते? २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं, आणि त्यातही हे असं. डेन्मार्कच्या गप्पा कसल्या मारताय?

डेटासाक्षर: म्हणून नोंदीच वापरायच्या नाहीत? मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६३ पासून चालू आहे, माणसं हॉस्पिटलं फिरतात, पालिकेच्या मृत्यूनोंदी तपासतात, एकच पेशंट दोनदा येऊ देत नाहीत, उपचारापुरता बाहेरून आलेला वगळतात. तुमचे वडील दाखल्यावर हृदयवाले असले तरी तिथे कॅन्सरमध्येच सापडले असते, मुंबईत राहत असते तर.

कोपरीकर: कोपरी मुंबईत नाही हे सांगितल्याबद्दल आभार.

ऐरोली सेक्टर आठ: आणि आम्हाला विचारणार कोण? आईचा केसपेपर काढायला आधार मागितलं, आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल हेल्थ आयडी, कधी निघाला तिला पत्ता नाही. इंग्लंडमध्ये जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, नोंदी एकत्र करायची केअर डॉट डेटा योजना लोकांच्या विरोधापायी २०१६ मध्ये गुंडाळली. आपल्याकडे २०२३ च्या डेटा कायद्यात संशोधनाला सूटच ठेवलीय. नाव पुसलं तरी पिनकोड, वय आणि दुर्मिळ आजार एवढ्यावर आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा माणूस ओळखेल.

डेटासाक्षर: पिनकोड नको, पत्ता नको, मग वर घोडबंदरकर ओरडणार शहापूरवाले ठाण्यात मोजले. दोघांनी आधी आपापसात ठरवा.

घोडबंदरकर: बरं बुवा, डायलिसिस आणि सिझेरियन मोजा, तेवढी मुभा दिली. पण केसपेपरशी ताडायला माणसं लागतात, त्यांचा पगार कोण देणार तेही लिहा, कारण ते काम शेवटी आमच्याच डेस्कवर येऊन आदळतं, महिनाअखेरीला.

नेरूळची मावशी: पगाराचं चाललंच आहे तर माझ्या त्या रूम भाड्याचं पण बघा कोणीतरी. तक्रार टाकायला पॉलिसी नंबरच्या आधी अजून कुठला नंबर मागतायत, तो कुठे मिळतो?