शब्दचर्चा: ‘एफेमरल फिल्म’ला मराठीत काय म्हणावे? (सोबत रीळ, स्पॉट, लीडर वगैरे)

पाटीपुस्तक
१९४५ ते १९६५ या काळात अमेरिकी शाळांत दाखवल्या जाणाऱ्या छोट्या फिल्म्स आणि त्याच काळातल्या टीव्हीवरच्या जाहिराती, अशा एका यादीला मराठी टिपा जोडायच्या आहेत. या सगळ्या मालाला इंग्रजीत मिळून ‘एफेमरल फिल्म्स’ म्हणतात. कोशात ‘क्षणभंगुर’, ‘अल्पजीवी’, ‘अशाश्वत’ सापडते. पण ‘क्षणभंगुर चित्रपट’ लिहिले की कीर्तनाला बसल्यासारखे वाटते. दुसरा शब्द आहे का? ‘स्पॉन्सर्ड फिल्म’, ‘वन-रीलर’, ‘स्पॉट’, ‘लीडर’ यांच्यावरही अडले आहे.

कोशकीटक
मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एका दिवसापुरते’. ग्रंथालयवाले तिकिटे, हस्तपत्रके, जत्रेचे फलक यांना ‘एफेमेरा’ म्हणतात, तिथून तो फिल्मकडे आला. अमेरिकी संग्राहक रिक प्रेलिंगर यांनी १९८२ मध्ये न्यूयॉर्कला असा संग्रह सुरू केला आणि हे नाव मुख्यतः त्यांच्यामुळे रुळले. २००२ मध्ये तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. त्यांच्या वापरात भर आयुष्य कमी असण्यावर नाही, विशिष्ट कामासाठी बनवणे आणि ते काम झाल्यावर जपून ठेवण्याचा विचार नसणे यावर आहे. म्हणून माझे मत ‘नैमित्तिक’ला. नित्य आणि नैमित्तिक कर्म ही जोडी आपल्याकडे आहेच. निमित्त संपले, कर्म संपले.

दातेरी चाक
‘अल्पजीवी’ तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. शाळेच्या फिल्म-लायब्ररीतली १६ मिमी रुंदीच्या फिल्मवरची प्रत वीस-वीस वर्षे फिरत असे. १९५० च्या पोरांचे कपडे १९७० च्या पोरांना हसू आणत, तरी प्रत चालूच. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला आणि १९५८ च्या अमेरिकी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या साधनांसाठी शाळांना पैसे दिले. त्यातून प्रोजेक्टर आले, फिल्म्स आल्या आणि जुन्यांचेही आयुष्य वाढले. जाहिरातीचे उलटे. कलाकारांचे मानधन १३ आठवड्यांच्या वापर-चक्रावर मोजले जाई, म्हणून चक्र संपले की पुढे चालवायची की उतरवायची हा हिशेब दर वेळी नव्याने होई. एकाच शब्दात वीस वर्षे आणि तेरा आठवडे दोन्ही बसवायचे असतील तर आयुष्य मोजणारा शब्द चालणार नाही.

सांजवात
‘नैमित्तिक’ला एक अडचण आहे. सरकारी कचेरीत ‘नैमित्तिक रजा’ म्हणजे किरकोळ रजा. निम्मे वाचक ‘नैमित्तिक चित्रपट’ म्हणजे सहज, सवड मिळाली म्हणून काढलेला असे वाचतील. आपल्याकडे ‘कामापुरता मामा’ आहे. मग ‘कामापुरती फिल्म’ का नको? अर्थ नेमका तोच: काम होते तोवर मान, मग अडगळ.

कोशकीटक
म्हणीत स्वार्थाची छटा आहे, ती इथे नको.

सांजवात
थोडी असली तर बिघडत नाही. मोटार कंपनीने पैसे देऊन शाळेत पाठवलेल्या फिल्ममध्ये स्वार्थ नसतो की काय?

पाटीपुस्तक
मग मथळ्यात ‘नैमित्तिक’ आणि मजकुरात ‘कामापुरत्या फिल्म्स’ असे करतो. आता प्रकारांची नावे. ‘एज्युकेशनल फिल्म’ला ‘अनुबोधपट’ लिहू का? आणि ‘स्पॉन्सर्ड’ला ‘पुरस्कृत’?

कोशकीटक
दोन्ही नको. ‘अनुबोधपट’ हा शब्द मराठीत डॉक्युमेंटरीसाठी वापरला गेला आहे. वर्गातल्या फिल्ममध्ये बहुतेक प्रसंग रचलेले, पात्रे कल्पित आणि वर निवेदकाचा आवाज. तिला सरळ ‘शालेय फिल्म’ किंवा ‘बोधपट’ म्हणा. ‘पुरस्कृत’ तर घातकच, कारण मराठीत त्याचे दोन अर्थ चालतात, पुरस्कार मिळालेला आणि पाठबळ दिलेला. ‘शेव्हरोलेट-पुरस्कृत चित्रपट’ वाचून कुणी विचारील, कोणते पारितोषिक मिळाले? ‘प्रायोजित’ लिहा.

दातेरी चाक
या दोन प्रकारांत पैसा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, टिपेत तेवढे आले पाहिजे. शालेय फिल्म विकली जाई. इलिनॉयच्या ग्लेनव्ह्यू इथली कॉरोनेट, कॅन्ससच्या लॉरेन्समधली सेंट्रॉन, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका फिल्म्स यांचे गिऱ्हाईक म्हणजे शाळा आणि शिक्षण मंडळे. प्रायोजित फिल्मचा खर्च कंपनी आधीच देई आणि प्रती फुकट फिरत. मॉडर्न टॉकिंग पिक्चर सर्व्हिससारखे वितरक त्या पोचवत आणि शाळेला फार तर परतीचे टपाल भरावे लागे. डेट्रॉइटच्या जॅम हँडी संस्थेने शेव्हरोलेटसाठी काढलेल्या फिल्म्स या दुसऱ्या प्रकारातल्या. म्हणून ‘शाळेत दाखवली म्हणजे शालेय’ असे धरू नका. आधी शेवटच्या पाट्या बघा. कंपनीचे नाव तिथे असेल किंवा गोष्टीतच बेमालूम पेरलेले असेल.

‘मेंटल हायजीन फिल्म’ असाही एक शब्द तुमच्या यादीत असणार. त्याचे ‘मानसिक आरोग्यपट’ करू नका. या फिल्म्स मनोविकारांबद्दल नाहीत, वागणुकीबद्दल आहेत: टापटीप कसे राहावे, जेवणाच्या टेबलावर कसे बसावे, मित्र कसे जोडावेत. काढणारे स्वतः त्यांना ‘गायडन्स फिल्म’ म्हणत. ‘मेंटल हायजीन’ ही शब्दजोडी जुनी असली तरी या फिल्म्सचे सरसकट नाव म्हणून ती १९९९ च्या एका पुस्तकामुळे पसरली. ‘वळणपट’ कसा वाटतो? मुलाला वळण लावणे, त्यातले वळण.

सांजवात
‘वळणपट’ घाटातल्या रस्त्यासारखा वाटतो. ‘वळण लावणाऱ्या फिल्म्स’ लिहा, दोन शब्द जास्त पडले तर पडू देत.

पाटीपुस्तक
‘फिल्मस्ट्रिप’ही त्यातच धरायची ना?

दातेरी चाक
नाही! ही चूक इंग्रजी याद्यांतही असते. फिल्मस्ट्रिप म्हणजे ३५ मिमीच्या पट्टीवर ओळीने छापलेली स्थिर चित्रे. सोबत ध्वनिमुद्रिका. तिच्यात टुक वाजले की शिक्षक किंवा एखादा विद्यार्थी मूठ फिरवून पुढचे चित्र आणतो. हलणारे काहीच नाही. तिला ‘चित्रपट्टी’ हा शब्द छान बसतो.

आता रीळ. ‘वन-रीलर’मधले रीळ हे भांडे नाही, माप आहे. १६ मिमीच्या एका फुटात ४० चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक स्थिर चित्रे. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. ४०० फुटांचे रीळ ११ मिनिटे ७ सेकंद चालते. ३५ मिमीच्या फुटात १६ चौकटी, मिनिटाला ९० फूट आणि तिथले रीळ १००० फुटांचे. भागाकार करून बघा, वेळ तीच येते. त्यामुळे ‘एकरिळी’ म्हटले की रुंदी कोणतीही असो, दहा-अकरा मिनिटे समजायची. दाखवून झाल्यावर तासात चर्चेला वेळ उरावा इतपतच ही लांबी.

कोशकीटक
‘रीळ’ नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘रिळे’. शिवणाच्या दोऱ्याचे असते तेच. हल्ली मोबाइलवर बघतात ती ‘रील’ स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘रील्स’. टिपांत ‘ळ’ कसोशीने पाळा, नाहीतर १९४७ ची ‘शाय गाय’ ही कॉरोनेटची फिल्म कुणाला तीस सेकंदांची वाटायची. आणि रिकामी चकती ती ‘चकती’, ठेवायचा तो ‘डबा’. सिनेमा डब्यात पडला म्हणतो त्यातला.

पाटीपुस्तक
आता ‘स्पॉट’ आणि ‘कमर्शियल’. दोन्हीला ‘जाहिरात’ पुरेल का?

सांजवात
सामान्य वाचकाला पुरेल. फक्त ‘दूरदर्शन-जाहिरात’ लिहू नका. आपल्याकडे दूरदर्शन हे एका संस्थेचे नाव आहे आणि तिथे जाहिराती १९७६ पासून. अमेरिकेसाठी ‘टीव्हीवरची जाहिरात’ बरी.

दातेरी चाक
यादी असेल तर फरक ठेवायला हवा. धंद्यात ‘स्पॉट’ म्हणजे एकेका शहरातल्या केंद्राकडून सुटी विकत घेतलेली वेळ. नेटवर्कच्या कार्यक्रमाचा प्रायोजक देशभर एकदम दिसे, स्पॉटवाल्याला मात्र प्रत्येक केंद्राला वेगळी प्रत टपालाने पाठवावी लागे. आज जुन्या जाहिरातींच्या इतक्या १६ मिमी प्रती सापडतात, त्याचे हे एक मोठे कारण. पुढे शब्द सैल झाला आणि कुठलीही छोटी जाहिरात स्पॉट ठरली. १९५० च्या दशकात नेहमीच्या लांब्या ६०, २० आणि १० सेकंद. १६ मिमीवर अनुक्रमे ३६, १२ आणि ६ फूट. दहा सेकंदांच्या तुकड्याला ‘आयडी’ म्हणत, कारण त्यात केंद्राची ओळखही यायची. डब्यावर चिठ्ठी नसेल तर आधी फूट मोजा. आणि ६० सेकंदांच्या जाहिरातीत बोलणे साधारण ५८ सेकंदांचेच असते, सुरुवातीची दीड-दोन सेकंदे मुकी. तिथे ‘आवाज तुटला आहे’ अशी टीप लिहू नका, ते जाणूनबुजून आहे.

शिवाय जाहिरात म्हणजे फिल्मच असेल असेही नाही. सुरुवातीला पुष्कळशा कॅमेऱ्यासमोर थेट होत. १ जुलै १९४१ ला न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीटी केंद्रावर बुलोव्हा घड्याळाची जी जाहिरात लागली, अमेरिकेतली पहिली परवानाप्राप्त म्हणतात ती, तीही थेट. अशा गोष्टी टिकल्या असल्या तर किनेस्कोपवर, म्हणजे पडद्यावरच्या चित्राची फिल्म कॅमेऱ्याने उतरवलेली प्रत. चित्रफीत १९५६ पर्यंत नव्हती. किनेस्कोपला ‘पडदाप्रत’ म्हणा, पण आधी मूळ शब्द द्या, कारण तो चित्रनळीचेही नाव आहे.

पाटीपुस्तक
‘लीडर’ला भाषांतर-यंत्राने ‘नेता’ दिले आहे. ‘नेता फाटलेला आहे.’

सांजवात
असू दे, खरेच असेल.

दातेरी चाक
लीडर म्हणजे रिळाच्या तोंडाशी जोडलेली पट्टी. प्रोजेक्टरमध्ये ओवताना झीज होते ती तिची, चित्राची नाही. ‘तोंडपट्टी’ आणि शेवटची ‘शेपूटपट्टी’ चालेल. रीळ उलटे गुंडाळलेले असेल तर ‘शेपूट बाहेर’ अशी नोंद करा. पट्टीवरचे आकडेही बोलके असतात. अमेरिकी सिनेमा अकादमीच्या जुन्या पद्धतीत ते फुटांनुसार, तेही ३५ मिमीच्या फुटांनुसार, म्हणून सोळा-सोळा चौकटींनी बदलतात. टीव्हीवाल्यांना सेकंद हवे होते, म्हणून साठच्या दशकात ८ ते २ अशी सेकंदांची मोजणी आणि फिरता काटा आला. १९४९ च्या फिल्मला फिरत्या काट्याची पट्टी असेल तर ती मागाहून जोडलेली.

वय ठरवायला काठही बघा. कोडॅकने फिल्मच्या काठावर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापल्या. ‘एज कोड’ला ‘काठखूण’ म्हणता येईल. पण त्या वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात आणि सांगतात ते कच्च्या फिल्मचे वर्ष, चित्रीकरणाचे नाही. १९४८ की १९६८ हे चित्रातल्या मोटारींवरूनच ठरवावे लागते.

पाटीपुस्तक
प्रतीच्या अवस्थेसाठी ‘व्हिनेगर सिंड्रोम’ आणि ‘पिंक’ असे शेरे आहेत.

दातेरी चाक
पहिल्याला ‘आंबलेली’ लिहा, पण कंसात खुलासा हवा की जंतूंचा संबंध नाही. फिल्मच्या ॲसिटेट आधारपट्टीत ओल आणि उष्णतेने ॲसिटिक आम्ल सुटते. ते आम्लच पुढची क्रिया वाढवते. विरजणासारखे आहे: एक डबा आंबला की शेजारचेही लागतात. म्हणून वास आला की तो डबा आधी वेगळा करायचा, मग बाकीचे बघायचे.

आंबलेली फिल्म आकसतेही. मोजायला सोपी युक्ती आहे. नवी पॉलिएस्टरची पट्टी शेजारी ठेवा, काठाचे पहिले भोक भोकाशी जुळवा आणि १०० चौकटी मोजा. नव्या पट्टीची लांबी ७६२ मिमी भरते. जुनी साडेसात मिमीने, म्हणजे एका चौकटीने, मागे पडली तर एक टक्का आकसली. त्यापुढे साध्या प्रोजेक्टरवर चढवू नका. प्रोजेक्टरच्या चाकावरच्या दातांचे अंतर भोकांशी जुळत नाही आणि भोके उसवत जातात.

‘पिंक’ म्हणजे निळसर रंगद्रव्य उडून उरलेला गुलाबी-लालसर रंग. ईस्टमनकलर प्रतींचा हा रोग, कोडाक्रोम या दुसऱ्या रंगीत फिल्ममध्ये तो सहसा नाही. ‘गुलाबी’ नको, वाचकाला रंगसंगती वाटेल. ‘रंग उडून लाल पडलेली’ लिहा.

सांजवात
उपशीर्षके (सबटायटल्स) करणार असाल तर एक विचारते. काही फिल्म्समध्ये चित्र उडी मारते आणि शब्द मात्र नंतर तुटतो. हे का?

दातेरी चाक
१६ मिमीवर आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापतात, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारी जागा चित्राच्या खिडकीनंतर येते. तुटलेला भाग कापून सांधला की चित्र आधी उडते आणि शब्द सुमारे एका सेकंदाने गळतो. उपशीर्षक चित्राच्या उडीवर तोडू नका, आवाजावर तोडा. पूर्ण फिल्मभर ओठ आणि आवाज जुळत नसतील तर बहुधा डिजिटल करताना यंत्रातला खालचा झोळ, म्हणजे ‘लोअर लूप’, कमी-जास्त राहिला आहे.

पाटीपुस्तक
शेवटचे, नावांचे भाषांतर. ‘डक अँड कव्हर’ आणि ‘डेटिंग: डूज अँड डोन्ट्स’.

कोशकीटक
पहिल्यात बदक आणू नका. तिथे बर्ट नावाचे कासव आहे आणि ‘डक’ म्हणजे चटकन वाकणे. अणुबाँबची लख्ख उजेडझळ दिसताच मुलांनी काय करायचे ते सांगणारी, संघराज्य नागरी संरक्षण खात्याची १९५१ ची फिल्म. जानेवारी १९५२ पासून दाखवली गेली.

सांजवात
‘वाका नि झाका’. यमकही जुळते. फक्त काय झाकायचे ते पहिल्या टिपेत द्या: मान आणि चेहरा. दुसऱ्यातला ‘डेट’ तसाच राहू दे. ‘प्रणयाराधन’ लिहिले तर १९४९ च्या त्या बिचाऱ्या मुलाला, जो एका कार्निव्हलच्या तिकिटावर कुणाला बोलावू म्हणून घामाघूम झालाय, शाकुंतलात ढकलल्यासारखे होईल. निवेदक त्या मुलाशी बोलतो तेव्हा ‘तू’, वर्गाकडे वळतो तेव्हा ‘तुम्ही’. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, तेव्हा प्रत्येक वाक्याला पडद्यावर कोण दिसते आहे ते बघूनच ठरवा.