शांततेची ओढ लावणारे बालसाहित्य: मुद्दाम निवडून द्यावे, की निवड मुलांवर सोडावी?

अक्षरयात्री (धागालेखिका)

मुलांच्या वाचनाविषयी बोलताना आपण बहुधा ती किती वाचतात एवढेच विचारतो. काय वाचतात हा प्रश्न मागे पडतो. हिंसेला पराक्रम आणि परक्याला शत्रू ठरवणाऱ्या गोष्टी मुलांपर्यंत आपोआप पोहोचतात, त्यासाठी कोणाला कष्ट घ्यावे लागत नाहीत. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायला लावणारे पुस्तक मात्र कोणीतरी शोधून, निवडून, वाचून दाखवल्याशिवाय त्यांच्या हाती पडत नाही. म्हणून पालकांनी, शाळांनी आणि ग्रंथालयांनी अशा पुस्तकांचा जाणीवपूर्वक पुरस्कार केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील सतरावे कलम मुलांच्या पुस्तकांची निर्मिती आणि प्रसार यांना उत्तेजन द्यायला सांगते, तर एकोणतिसावे कलम शिक्षणातून सामंजस्य, शांतता आणि सहिष्णुता रुजावी अशी अपेक्षा धरते. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते येला लेपमान यांचे काम. श्टुटगार्टमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या पत्रकार बाईंना नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागला होता. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या सल्लागार म्हणून त्या जर्मनीत परतल्या, तेव्हा अन्न आणि निवारा यांचीच वानवा होती. तरीही त्यांनी वीस देशांना पत्रे पाठवून जर्मन मुलांसाठी बालपुस्तके मागितली. जर्मनीने आपल्यावर दोनदा आक्रमण केल्याचे कारण देऊन बेल्जियमने नकार कळवला. लेपमान यांनी पुन्हा पत्र लिहिले आणि बेल्जियमचीही पुस्तके आली. जुलै १९४६ मध्ये म्युनिक येथे त्यांचे प्रदर्शन भरले, आणि तेही नाझींनी आपल्या पसंतीची कला मिरवण्यासाठी बांधलेल्या वास्तूत. त्यातूनच १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले आणि १९५३ मध्ये झुरिक येथे आंतरराष्ट्रीय बालपुस्तक मंडळ स्थापन झाले. डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या जन्मदिनी, २ एप्रिलला, साजरा होणारा बालपुस्तक दिनही याच मंडळाने १९६७ पासून सुरू केला.

पुस्तके मुद्दाम मागवली, मुद्दाम मांडली, म्हणून हे घडले. त्या वेळी जे शक्य झाले ते आज अवघड का वाटावे?

निर्झर

आपला हेतू मला पूर्ण मान्य आहे; मार्ग मात्र धोक्याचा वाटतो आणि त्याला माझा विरोध आहे.

मुलांचे पुस्तक हे मन घडवण्याचे साधन आहे, हे सर्वांत आधी कोणी ओळखले असेल तर ते प्रचार करणाऱ्यांनी. युलिउस श्ट्रायखर या नाझी प्रचारकाच्या न्युरेंबर्गमधील प्रकाशनाने १९३८ साली मुलांसाठी एक सचित्र पुस्तक काढले होते. त्यात आई मुलाला रानातली चांगली आणि विषारी अळंबी ओळखायला शिकवते आणि त्याच ओघात ज्यू माणसे विषारी अळंब्यांसारखी असतात हेही शिकवते. चित्रे आकर्षक, भाषा सोपी, आईचा स्वर प्रेमळ. बालसाहित्यातून आधी ठरवलेला निष्कर्ष मुलाच्या गळी उतरवण्याची ही रीत आहे. निष्कर्ष बदलला तरी रीत तीच राहिली, तर मूल विचार करायला शिकत नाही, केवळ मान डोलावायला शिकते.

दुसरे असे की शांततेचा संदेश देण्यासाठी लिहिलेल्या बहुतेक गोष्टी निर्जीव असतात. दोन प्राणी भांडतात, तिसरा शहाणा प्राणी येतो, सगळे गळ्यात गळा घालतात आणि शेवटी तात्पर्य छापलेले असते. मुलांना ही लबाडी फार लवकर कळते, कारण त्यांच्या स्वतःच्या जगात भांडणे इतक्या सहज मिटत नाहीत.

याउलट अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांचे उदाहरण पाहा. १९७८ साली जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार घेताना या स्वीडिश लेखिकेने मुलांवर हात उगारण्याविरुद्ध भाषण केले. पुढच्याच वर्षी स्वीडनने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यावर कायद्याने बंदी घातली. पण त्यांच्या १९७३ च्या दोन भावांच्या कादंबरीत जुलमी सत्ता, फितुरी, लढाई आणि मृत्यू असे सगळे आहे. थोरला भाऊ स्वतःचा जीव वाचवण्यासाठीही कोणाला मारायला तयार नाही. सगळेच असे वागले तर दुष्टांचे राज्य कधीच संपणार नाही, असे त्याचा बंडखोर साथीदार म्हणतो. सगळेच असे असते तर दुष्टावा उरलाच नसता, असे धाकटा भाऊ म्हणतो. वाद तिथेच सोडून कथा पुढे जाते. आपल्या 'शांततेच्या पुस्तकांच्या यादीत' ही कादंबरी बसेल का? मला भीती वाटते की कोणती तरी समिती तिच्यातली लढाई पाहूनच ती बाजूला ठेवील.

अक्षरयात्री

निर्झर, १९३८ चे उदाहरण मला तुमच्या उलट दिशेने नेते. द्वेष पसरवणारे लोक मुलांपर्यंत इतक्या तयारीने पोहोचत असतील, तर दुसऱ्या बाजूने कोणीच काही न करणे ही तटस्थता ठरत नाही. ती जागा मोकळी सोडणे ठरते. यादी कोणीही केली नाही तरी निवड होतच असते. ती विक्रेता करतो, जाहिरात करते, पडदा करतो. लिंडग्रेन यांची ती कादंबरी माझ्या यादीत पहिल्या पाचांत असेल. लढाई असलेले पुस्तक वगळा असे मी कुठेही म्हटलेले नाही. लढाईत पडणाऱ्यालाही नाव आणि घर असते हे ज्या पुस्तकाला आठवते, ते मला हवे आहे.

तात्पर्य छापलेल्या गोष्टींविषयीचा तुमचा राग मात्र मला रास्त वाटतो.

पुस्तकपाल

मी मुलांच्या ग्रंथालयात काम करतो, म्हणून या वादात एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते.

लेपमान यांच्या प्रदर्शनातले एक वैशिष्ट्य वरच्या चर्चेत निसटले आहे. त्यांनी देशोदेशींकडे शांततेवरचे धडे मागितले नव्हते. त्या त्या देशातली मुले जी चित्रांची आणि गोष्टींची पुस्तके आवडीने वाचत होती, तीच मागितली होती. कालपर्यंत शत्रू म्हणून दाखवलेल्या देशातल्या मुलांनाही तशीच खोडकर मांजरे आणि तसेच रुसणारे आजोबा आवडतात, हे जर्मन मुलाला कोणी न सांगता कळावे, ही त्यामागची दृष्टी होती. म्हणून पुस्तकाचा विषय शांतता आहे का, यापेक्षा ते कोणाच्या घरातून आले आहे आणि कोणाच्या डोळ्यांनी जग पाहते आहे, हे मी आधी पाहतो. शांततेसाठी बालसाहित्याचा प्रसार करायचा असेल तर पहिला खर्च अनुवादावर व्हावा, विशेषतः ज्यांच्याशी आपले पटत नाही त्यांच्या भाषेतून होणाऱ्या अनुवादावर. मोठ्या भाषांतून लहान भाषांत पुस्तके येत राहतात, उलट दिशेने फार थोडी जातात. त्यामुळे अनेक मुलांना जगाविषयी वाचायला मिळते, पण जगाला त्या मुलांविषयी काही वाचायला मिळत नाही.

अर्थात निर्झर यांचेही मी पूर्ण मानत नाही. याच लेपमान यांनी झुंजायचे नाकारून फुलांचा वास घेत बसणाऱ्या बैलाची १९३६ सालची अमेरिकन गोष्ट स्वतः जर्मनमध्ये आणली आणि वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या सुमारे ३० हजार प्रती छापून मुलांना वाटल्या. ही निवड उघडपणे हेतुपुरस्सर होती. पण त्या गोष्टीत बैल कोणाला उपदेश करत नाही. त्याला झुंजायचे नसते, तो बसून राहतो, आणि मुले हसतात. हेतू निवडणाऱ्याच्या मनात असावा. गोष्टीने तो बोलून दाखवू नये.

निर्झर

पुस्तकपाल, अनुवादाचा मुद्दा मला पटला आणि त्यावर माझे काही म्हणणे नाही. माझा आक्षेप आता निवडीपेक्षा तिच्या पुढच्या पायरीवर आहे, म्हणजे पुस्तक मुलाच्या हाती गेल्यावर मोठी माणसे त्याचे काय करतात यावर. 'या गोष्टीतून काय शिकलास?' हा प्रश्न विचारला की कल्पनेत रमलेले मूल परीक्षेला बसते. वाचलेल्या पुस्तकांचे तक्ते, प्रमाणपत्रे, बक्षिसे यांनीही तेच होते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. वाचनाची गोष्ट यापेक्षा वेगळी असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

अक्षरयात्री

बक्षिसे मीही सोडून देईन. पण प्रश्न विचारणे पूर्ण बंद करावे, हे मला मान्य नाही. युद्धाची, निर्वासितांची गोष्ट वाचून मूल अस्वस्थ झाले, तर त्याच्याशी बोलायला मोठे माणूस शेजारी हवेच. 'काय शिकलास' याऐवजी 'त्याने असे का केले असेल' असे विचारता येते, आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते.

निर्झर

तसा प्रश्न विचारणारे माणूस शेजारी असेल तर माझा विरोध बराच ओसरतो, मात्र संपत नाही. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाच्या हक्कांची जी यादी मांडली, तिच्यात पहिला हक्क न वाचण्याचा आहे आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. तुमची यादी जरूर करा, अनुवाद करून घ्या, मोठ्याने वाचूनही दाखवा. पण मुलाने त्यातले सर्वांत चांगले पुस्तक चौथ्या पानावर मिटून ठेवले आणि राक्षसांच्या लढाईचे पुस्तक उचलले, तर त्याला अडवणार नाही असे आज लिहून द्याल का?

अक्षरयात्री

लिहून देते. मात्र मिटलेले पुस्तक मी कपाटात परत ठेवणार नाही. ते त्याच्या हाताला लागेल अशाच जागी राहील.