मदत हवी आहे : फर्मवेअर अपग्रेडनंतर ॲक्सेस पॉइंट उठतच नाही

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

ऑफिसात छताला तीन ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) आहेत. तिन्ही एकाच मॉडेलचे, एकाच हार्डवेअर आवृत्तीचे, पीओई म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या स्विचवर चालणारे. तिन्ही एकत्र सांभाळणारा कंट्रोलर नाही, प्रत्येकाचं वेबपान उघडून सेटिंग करते. फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) फारच जुनं झालं होतं म्हणून आधी एकावरच नवीन टाकून बघायचं ठरवलं. फाइल कंपनीच्या साइटवरून घेतली, मागच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती ताडून पाहिली, फाइल वाटेत बिघडली नाही हे तपासणारा शा-२५६ चेकसमही जुळला. अपलोड नीट झालं, पट्टी शेवटपर्यंत गेली, 'डिव्हाइस रीस्टार्ट होत आहे' असं आलं आणि त्यानंतर ते पान काही उघडलं नाही.

आता अवस्था अशी: दिवा लागतो, थोडा लुकलुकतो, विझतो, परत लागतो. स्विचवर त्या पोर्टची लिंकही तशीच येते-जाते. एक फेरा साधारण मिनिटभराचा. पिंगला उत्तर नाही, ना आपण दिलेल्या पत्त्यावर ना फॅक्टरीच्या पत्त्यावर. रिसेटचं बटण दाबून धरलं, काही फरक नाही. केबल बदलली, पोर्ट बदललं, तेच.

हा गेला समजायचा का? की काही करता येईल? बाकी दोघांना सध्या हात लावत नाहीये.

शून्यबाइट

आधी वीज बघा. ८०२.३एएफ या पीओई मानकाचं पोर्ट १५.४ वॉट देतं, त्यातले केबलपार १२.९५ वॉटच पोचतात याची हमी असते. काही नवीन ॲक्सेस पॉइंटना सगळे रेडिओ चालू झाल्यावर तेवढे पुरत नाहीत आणि मग ते असेच पडतात-उठतात. जास्त वीज देणाऱ्या ८०२.३एटी मानकाचा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर) असेल तर लावून बघा.

धागाकर्ती

३० वॉटचा इंजेक्टर होता, लावून पाहिला. चक्र तसंच. आणि अपग्रेडच्या आधी हाच डबा याच पोर्टवर वर्षानुवर्षं चालत होता.

जुना वायरमन

मग विजेचा प्रश्न नाही. आणि डबा गेलेलाही नाही, निश्चिंत राहा.

खरोखर मेलेल्या डब्याचा दिवा एकतर लागतच नाही किंवा लागून तसाच राहतो. तुमचा दर मिनिटाला नव्याने सुरू होतोय. म्हणजे बूटलोडर (सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्राम) शाबूत आहे, तो कर्नल (फर्मवेअरचा गाभा) उचलायला जातो, तिथे किंवा जरा पुढे गाडी अडते, आणि वॉचडॉग (डबा अडकला की रीस्टार्ट करणारा पहारेकरी) त्याला परत सुरुवातीला आणून सोडतो. फ्लॅशमध्ये (डब्याच्या कायमच्या मेमरीत) बूटलोडर वेगळ्या कप्प्यात असतो. वेबपानावरून केलेलं अपग्रेड सहसा त्याला शिवत नाही.

बहुतेक बूटलोडर सुरू होताना काही सेकंद नेटवर्कवरून फाइल घ्यायला तयार असतात. काहींत रिसेट दाबून धरून वीज द्यावी लागते, काही आपणहून विचारतात. कुठल्या मॉडेलला काय लागतं, कोणता पत्ता, कोणतं फाइलनाव, हे माहितीपुस्तिकेत क्वचितच असतं. इंटरनेटवर दहा जण दहा पत्ते सांगतात आणि माणूस संध्याकाळपर्यंत अंदाज लावत बसतो. अंदाज लावू नका, तारेवर काय चाललंय ते ऐका. लॅपटॉप त्याच स्विचला जोडा, वायरशार्क (तारेवरची देवाणघेवाण दाखवणारा प्रोग्राम) चालू करा, रिसेट दाबून धरून ॲक्सेस पॉइंटची केबल खोचा, दहा-पंधरा सेकंदांनी बटण सोडा. काय दिसतं ते इथे टाका.

लॅपटॉप थेट डब्याला जोडू नका, मध्ये स्विच असूच द्या. थेट जोडला तर डबा रीस्टार्ट झाला की लॅपटॉपची लिंकही पडते, आणि ती परत उभी राहून विंडोज भानावर येईपर्यंत बूटलोडरची वेळ संपलेली असते.

धागाकर्ती

केलं. वायरशार्कमध्ये ॲक्सेस पॉइंटकडून काहीच नाही. लॅपटॉपची स्वतःचीच बडबड तेवढी दिसते.

जुना वायरमन

स्विच मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) आहे का? असेल तर स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचं वर्तुळ होऊ न देणारी सोय, चालू असणार. पोर्टची लिंक आली की जुन्या पद्धतीत १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात. या ३० सेकंदांत त्या पोर्टवरून डेटाची एक फ्रेम (पुडकं) पुढे जात नाही. बूटलोडर दोन-चार सेकंद हाका मारतो आणि गप्प बसतो. त्याचं बोलणं स्विचनेच गिळलं.

त्या पोर्टला एज पोर्ट करा, काही स्विचवर पोर्टफास्ट म्हणतात. नाहीतर इंजेक्टरच्या पुढे एखादा साधा, बिनसेटिंगचा स्विच लावा. तो सगळ्यात बरा.

धागाकर्ती

साधा स्विच लावला आणि बोलला की हो! रिसेट दाबून वीज दिल्यावर लगेच एआरपीच्या (अमुक पत्ता कोणाकडे आहे हे विचारणाऱ्या) ओळी, एकाखाली एक, सगळ्या सारख्या:

'१९२.१६८.१.१० कोणाकडे आहे? १९२.१६८.१.१ ला कळवा'

पाच-सहा ओळी आल्या, मग थांबलं, मग पहिल्यासारखं चक्र सुरू. पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा स्वतःचा पत्ता) लेबलवरचाच आहे.

जुना वायरमन

झालं तर मग. डबा सांगतोय की मी १९२.१६८.१.१ आहे आणि मला १९२.१६८.१.१० वरचा टीएफटीपी (साध्या पद्धतीने फाइल देणारा) सर्व्हर हवाय. हे कुठल्या पुस्तिकेत शोधायला गेला असतात!

आता लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१० हा पत्ता द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. वायफाय बंद करा, नाहीतर सर्व्हर प्रोग्राम भलत्याच कार्डावर ऐकत बसतो. टीएफटीपी सर्व्हर चालू करा, फोल्डर अजून रिकामंच ठेवा आणि परत तोच प्रयोग करा. एआरपीचं उत्तर मिळालं की पुढच्या ओळीत वाचनाची मागणी येईल आणि तिच्यात फाइलचं नाव असेल. आपली फाइल अक्षरश: त्या नावाने फोल्डरमध्ये ठेवायची. लहान-मोठी अक्षरंही तशीच.

फायरवॉलमध्ये टीएफटीपीचं यूडीपी ६९ हे पोर्ट उघडून भागत नाही. मागणी ६९ वर येते, पण डेटा सर्व्हर दुसऱ्याच, त्या वेळी निवडलेल्या पोर्टवरून पाठवतो आणि प्रत्येक ब्लॉकची (फाइलच्या तुकड्याची) पोचही त्याच पोर्टवर येते. म्हणून पोर्टला नाही, त्या प्रोग्रामलाच परवानगी द्या.

खटपट्या

एवढं कशाला? डबा उघडा, बोर्डाला सिरियल केबल लावा, ११५२०० च्या वेगावर कन्सोल (डब्याचे आतले संदेश) मिळेल, पाच मिनिटांत कळेल कुठे अडकलाय.

जुना वायरमन

@खटपट्या, कन्सोल मलाही आवडतो. पण तारेवरून काम होत असताना डबा उघडायचा कशाला? अनेक छतावरचे डबे चिकटवलेले असतात, उघडताना कडा तरी तुटते नाहीतर अँटेनाची बारीक तार. आणि ज्यांनी पूर्वी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: सिरियलचा कन्व्हर्टर ३.३ व्होल्टचाच हवा, ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) एवढ्या तीनच तारा जोडायच्या, टीएक्स-आरएक्स उलटसुलट, आणि व्होल्टेजची चौथी तार जोडायचीच नाही. बोर्डाला त्याची वीज मिळते आहेच.

कन्सोलवर पोचल्यावर सगळा फ्लॅश पुसायचा मोह होतो, तो आवरा. त्यात रेडिओच्या कॅलिब्रेशनचा (नेमक्या जुळणीच्या मापांचा) एक छोटा कप्पा असतो. प्रत्येक डब्याचा तो कारखान्यातच मोजून भरलेला असतो, मॅक पत्तेही बहुधा तिथेच. तो गेला तर डबा सुरू होईल, पण वायफाय लंगडं. दुसऱ्या डब्यातून उतरवून टाकला तर दोघांचा मॅक एकच.

धागाकर्ती

फाइलचं नाव मिळालं, तुम्ही म्हणालात तसंच वाचनाच्या मागणीत होतं. त्या नावाने फाइल ठेवली. कंपनीच्या साइटवर या मॉडेलखाली सध्या एकच फाइल दिसते, ती नवीनच, तीच ठेवली.

पाठवणं सुरू होतं, पण पूर्ण होत नाही. सर्व्हरचा आकडा ३२ एमबीच्या आसपास येऊन थांबतो. फाइल ३६ एमबीची आहे. केबल बदलली, लॅपटॉपही बदलला, अगदी त्याच जागी थांबतो. वायरशार्कमध्ये शेवटचा ब्लॉक ६५५३५.

शून्यबाइट

६५५३५! हा आकडा बघूनच उत्तर कळलं.

जुना वायरमन

शून्यबाइट, मलाही. ताई, तुम्ही शेवटचा ब्लॉक पाहिलात हे फार बरं केलंत, लोक नुसतं 'अडकलं' म्हणून लिहितात.

टीएफटीपीत प्रत्येक ब्लॉकला १६ बिटांचा क्रमांक असतो आणि मुळात ब्लॉक ५१२ बाइटचा. क्रमांक १ पासून ६५५३५ पर्यंतच जातो. ६५५३५ गुणिले ५१२ म्हणजे ३,३५,५३,९२० बाइट, ३२ एमबीला जेमतेम एक ब्लॉक कमी. त्यापुढे काय करायचं हे १९९२ च्या मूळ मानकात लिहिलेलंच नाही. काही प्रोग्राम क्रमांक परत ० वर नेतात, काही १ वर, काही तिथेच हात टेकतात. सर्व्हरची आणि बूटलोडरची समजूत एक नसली की पाठवणं इथेच अडतं. ब्लॉक मोठा करायची सोय १९९८ च्या जोडणीत आली, पण ती मागायची बूटलोडरने असते. तुमचा मागत नाही. वाचनाच्या मागणीत 'ब्लॉकसाइज' हा शब्द दिसला नसेल, बघा.

दोन वाटा आहेत. एक, असा सर्व्हर घ्या ज्याच्या सेटिंगमध्ये क्रमांक ० वर न्यायचा की १ वर ते ठरवता येतं, आणि दोन्ही करून बघा. दुसरी मला जास्त पटते: ३२ एमबीच्या आतली जुनी आवृत्ती द्या. याच बूटलोडरवर ती पूर्वी चालत होती, म्हणजे चालणार हे नक्की. नवीन अजून चाललेली नाही. साइटवर 'जुन्या आवृत्त्या' किंवा 'संग्रह' असा वेगळा विभाग असतो, मॉडेलच्या पानावर तो दिसेलच असं नाही.

फाइल पूर्ण गेली की लगेच वीज काढू नका. फ्लॅश आधी पुसला जातो, मग लिहिला जातो, त्यात काही मिनिटं शांतता असते. ही शांतता लोकांना सहन होत नाही.

धागाकर्ती

उठला!!! संग्रहात २१ एमबीची आवृत्ती मिळाली, एका दमात गेली. बराच वेळ नुसताच स्थिर दिवा, मग रीस्टार्ट, मग लॉगिनचं पान. सगळी सेटिंग फॅक्टरीची, पण त्याची नोंद माझ्याकडे होती.

संग्रहात आणखी एक गोष्ट सापडली. जुनी आणि नवीन यांच्या मधली एक आवृत्ती आहे आणि तिच्या टिपणात लिहिलंय की ही आवृत्ती फ्लॅशची मांडणी बदलते, यापुढच्या कुठल्याही आवृत्तीवर जाण्याआधी ही टाकणं आवश्यक. नवीन आवृत्तीच्या टिपणात याबद्दल अक्षर नाही.

जुना वायरमन

मग कारण तेच. जुन्या मांडणीत कर्नलचा कप्पा लहान, नवीन कर्नल मोठा, शेपूट बाहेर राहिली. कन्सोल लावला असता तर 'बॅड डेटा सीआरसी' (डेटा खराब) अशा धर्तीची ओळ दिसली असती. खरं तर जुन्या फर्मवेअरने ही फाइल घ्यायलाच नको होती, आकार तपासणं काही अवघड काम नाही. तुम्ही सगळं तपासून टाकलंत, चेकसमही. पण चेकसम एवढंच सांगतो की फाइल वाटेत बिघडली नाही. ती या डब्यावर मावेल का, हे तो सांगत नाही.

बाकी दोघांना मधल्या आवृत्तीवरूनच न्या.

चालतंय ते बरं

म्हणूनच म्हणतो, चालणाऱ्या डब्याला हात लावू नये. माझा आठ वर्षं जुन्या फर्मवेअरवर मस्त चालतोय.

शून्यबाइट

आठ वर्षं म्हणजे २०२१ मध्ये उघड झालेल्या फ्रॅगअटॅक्स नावाच्या वायफायच्या सुरक्षा त्रुटी अजून त्यात असण्याची शक्यता मोठी. त्याआधी २०१७ च्या क्रॅक नावाच्या हल्ल्याने डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीच्या हस्तांदोलनातच (जोडणीच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीतच) भोक दाखवलं होतं. त्याची दुरुस्ती मुख्यत्वे फोन-लॅपटॉपमध्ये व्हायची होती, पण ॲक्सेस पॉइंटवर फास्ट रोमिंग किंवा रिपीटर मोड चालू असेल तर त्यालाही. 'मस्त चालतोय' हे वेगाबद्दल झालं.

धागाकर्ती

तिन्ही डबे मधल्या आवृत्तीवरून नवीनवर गेले, कुरकुर न करता. एकच शंका उरली आहे. ज्याला जिवंत केला त्याच्यावर २.४ गिगाहर्ट्झचं नाव लगेच दिसतं, ५ चं दिसत नाही. मग थोड्या वेळाने आपोआप येतं. रीस्टार्ट केलं की परत तसंच. बाकी दोघांचं लगेच येतं. कॅलिब्रेशन तर नाही ना गेलं?

जुना वायरमन

नाही, कॅलिब्रेशन असं येत-जात नसतं. चॅनल बघा. फॅक्टरी सेटिंगमुळे तो 'ऑटो' वर गेला असणार आणि त्याने ५२ ते १४४ मधला एखादा धरला असणार. त्या पट्ट्यात रडारला अग्रक्रम असतो. म्हणून प्रसारण सुरू करण्याआधी ॲक्सेस पॉइंटला किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं, आणि युरोपच्या नियमांत हवामान रडारच्या चॅनलांवर १० मिनिटं. बाकी दोघांची जुनी सेटिंग टिकली, त्यांचा चॅनल ३६ किंवा तसाच काही ठरलेला असेल.

देशाची सेटिंगही फॅक्टरीवर गेली असेल, ती आधी बरोबर करा. मग चॅनल ३६ ते ४८ मधला द्या, पण बाकी दोघांशी एकच येऊ देऊ नका.

धागाकर्ती

ऑटोवर १०० धरला होता. देश बरोबर केला, ४४ दिला, रीस्टार्टनंतर दोन्ही नावं एकदमच आली. शीर्षकात 'सुटले' लिहिते.