मे महिन्यातल्या मिलिटरी कॅम्पला १३ वर्षांच्या मुलाला पाठवू का? इगतपुरीकडचा आहे, अनुभव सांगा

पाथर्डी_फाटा_आई

नमस्कार मंडळी. मुलगा १३ चा आहे, जूनमध्ये आठवीत जाईल. क्लासमधल्या तीन-चार पोरांनी मे मधल्या एका मिलिटरी टाइप कॅम्पला नाव घातलंय, तर हा पण हट्ट धरून बसलाय. इगतपुरीच्या पुढे डोंगरात, १० दिवस, तंबूत राहायचं, पहाटे ५ ला उठवतात, पीटी, ड्रिल, ऑब्स्टॅकल, रॅपलिंग, एअर रायफल, रात्रीचा मार्च आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर परेड. फी चौदा हजार. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करून घेतात, घरी फोन फक्त एकदा, पाचव्या दिवशी.

मिस्टर म्हणतात जाऊ दे, वळण लागेल. मला शिस्तीची एवढी काळजी नाहीये, मला काळजी ही आहे की माझं पोर बोलत नाही. मागच्या वर्षी अंगात ताप घेऊन अख्खी मॅच खेळून आला, कुणाला एक शब्द सांगितला नाही, रात्री मी पांघरूण घालताना हात लागला तेव्हा कळलं. असं पोर तिकडे डोंगरात काय करेल? माहितीपत्रकात फोटो भारी आहेत पण आत नक्की काय चालतं, कोण शिकवतं, काही झालं तर काय करतात हे कुठेच नाही. देवळालीची छावणी, भोसला मिलिटरी स्कूल सगळं आपल्या नाशिकचंच, त्यामुळे फौजेतली माणसं इथे असतीलच. प्लीज सांगा.

गडवाट_नाशिक

ताई, मी क्लाइंबिंग करतो, कॉलेजला असताना चार उन्हाळे अशाच कॅम्पांवर रोप इन्स्ट्रक्टर म्हणून काम केलंय, इगतपुरी आणि त्र्यंबक दोन्हीकडे, त्यामुळे आतलं सांगतो.

जागा बहुतेक वेळा डोंगराच्या पायथ्याशी कुणा शेतकऱ्याची, हंगामापुरती भाड्यानं घेतलेली असते. एका बॅचला साठ-सत्तर पोरं, त्यांचे दहा-दहाचे सेक्शन, सेक्शन कमांडर पोरांमधलाच, रोज बदलता. शिकवणारे दोन प्रकारचे, रिटायर्ड जवान ड्रिल, पीटी, ऑब्स्टॅकल बघतात आणि दोरीचं काम आमच्यासारखी मंडळी. दोरीवाल्याकडे उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा किंवा दार्जिलिंगच्या एचएमआयचा गिर्यारोहणाचा कोर्स आहे का ते सरळ विचारा, ज्याच्याकडे आहे तो आनंदानं सर्टिफिकेट दाखवतो. ५ ला शिट्टी, मग फॉल-इन, गिनती, पीटी, नाश्ता, ड्रिल किंवा ऑब्स्टॅकल. ऊन चढलं की सावलीत बसून नकाशा, होकायंत्र, गाठी, प्रथमोपचार. ४ नंतर परत ग्राउंड. कॅम्प कसा आहे हे ओळखायचं तर ११ ते ४ मध्ये पोरं कुठे असतात एवढं बघा. आपल्याकडे मे मध्ये पारा ४० च्या आसपास जातो, त्या वेळात ज्यांचं टाइमटेबल उन्हात दिसतं तिथे पाठवू नका.

दुसरं पाणी. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा म्हणजे धो धो पावसाचे तालुके, पण मे मध्ये तिथल्याच कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. कॅम्पचं पाणीही टँकरनं येतं आणि तो एक दिवस चुकला की आंघोळ बंद होते आणि मग पिण्याच्या पाण्यात हात आखडतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. किती दिवसांचं पाणी साठवता हे विचारा.

रॅपलिंगला लोक उगाच जास्त घाबरतात, नीट केलं तर ते अख्ख्या कॅम्पमधलं सगळ्यात सुरक्षित काम आहे. मूल ज्या दोरीवरून उतरतं ती वेगळी आणि वरून बिले देणाऱ्याच्या, म्हणजे मुलाला दोरीनं धरून ठेवणाऱ्याच्या, हातातली सेफ्टीची दोरी वेगळी, दोन्ही वेगवेगळ्या अँकरला, म्हणजे खडकातल्या पक्क्या आधाराला. कड्यावर आणायच्या आधी हार्नेसचं (कमरेच्या पट्ट्याचं) बकल आणि कॅराबिनरचा (दोरीच्या कडीचा) स्क्रू एकानं लावायचा आणि दुसऱ्यानं हात लावून तपासायचा, नुसतं बघून नाही. शर्ट आत खोचलेला, मुलींचे केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत. एकदा एका मुलीची वेणी डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरीवरून उतरताना वेग आवरणाऱ्या कडीत, ओढली गेली, अर्ध्या कड्यावर, खालून सगळे ओरडायला लागले, पण वर सेफ्टीची दोरी होती म्हणून तिचं वजन त्यावर घेऊन आम्ही शांतपणे केस सोडवले. ती दोरी नसती तर मी हे असं सांगत बसलो नसतो. आणि कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्या कड्यावर जायचंच नाही, मग बॅनरवर त्याच कड्याचा फोटो का असेना.

आता जे मला खरंच सांगायचंय. चौथ्या उन्हाळ्यात, कॅम्पचं नाव घेत नाही, तिसऱ्या दिवशी डोंगरावरून परत येताना उशीर झाला, बारा वाजून गेले होते. एक पोरगा करवंदीच्या जाळीपाशी बसला, म्हणाला चक्कर येतेय. त्याचा पीटीवाला म्हणाला नाटकं करू नको, ऊठ, आणि सगळ्यांसमोर त्याला अजून एक राउंड मारायला लावला. पोरगं उठलं, पळालंही. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर माझं दप्तर कुठे ठेवलंय?" तिथे दप्तर कुठून येणार हो. हात लावला तर अंग तव्यासारखं. आम्ही दोघांनी त्याला झाडाखाली आडवा केला, कपडे सैल केले, ड्रममधलं होतं नव्हतं ते सगळं पाणी अंगावर ओतलं, ओल्या चादरीनं वारा घातला आणि जीपमधून घोटीला दवाखान्यात नेला. वाचला. पण त्या रात्री आम्हाला सांगितलं गेलं की पालकांना "थोडा अशक्तपणा" एवढंच कळवायचं. मी दुसऱ्या दिवशी सामान उचललं, परत गेलो नाही.

तुमचं पोर बोलत नाही म्हणता ना ताई, पण जे बोलतं त्याचंही ऐकतात का हे आधी बघा.

सुभेदार_रिटायर्ड_देवळाली

वरच्या मुलानं अगदी बरोबर लिहिलंय. मी २८ वर्षं फौजेत काढली त्यातली पाच वर्षं रंगरुटांच्या ट्रेनिंगवर. लोकांना वाटतं फौज म्हणजे रगडा. रगडा असतो, नाही म्हणत नाही, फ्रंट रोल, फ्रॉग जंप सगळं असतं, पण तो अठरा वर्षांच्या, मेडिकल पास झालेल्या जवानाला आणि त्यालाही महिनोन्महिने चढवत चढवत नेतात, पहिल्या आठवड्यात कुणी पाठीवर वजन देऊन पळवत नाही. दहा दिवसात शहरातल्या पोराला कमांडो करतो म्हणणारा माणूस फौजेतून आलेला असेल तर फौजेत काय शिकला ते विसरलाय.

फौजेत दोन गोष्टी रोज होतात ज्या या कॅम्पवाल्यांनी उचलायला हव्यात आणि नेमक्या त्याच उचलत नाहीत. एक, वॉटर परेड. उन्हाळ्यात उस्ताद समोर उभा राहून प्रत्येकाला बाटली तोंडाला लावायला लावतो, तहान असो नसो. दुसरी, सिक रिपोर्ट. सकाळी फॉल-इनला विचारतात कोण आजारी, जो हात वर करेल तो एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात जातो, डॉक्टर बघतो, आणि फिट आहे की नाही ते डॉक्टर ठरवतो, उस्ताद नाही. कॅम्पवाल्याला एवढंच विचारा, तुमच्याकडे सिक रिपोर्ट किती वाजता असतो? उत्तर लगेच आलं तर पुढचं बोला.

आणि मुलगा आठवीत जातोय तर शाळेत एनसीसी आहे का बघा. १९४८ पासून चालू आहे, ज्युनियर डिव्हिजनला आठवी-नववीत भरती होते, कॅम्प १० दिवसांचा, फीचा प्रश्न नाही आणि शिकवायला सर्व्हिंग फौजी.

कॅडेट_कॉलेजरोड

एनसीसीला +१. मी सिनियर विंगला आहे, दोन सीएटीसी (एनसीसीचे वार्षिक ट्रेनिंग कॅम्प) केलेत. पहिल्या रात्री मी पण रडले होते आणि आमच्या लाइनमधल्या निम्म्या मुली रडत होत्या 😅 पण बडी सिस्टीम असते, दोघीदोघींची जोडी, एकीनं खाल्लं नाही की दुसरी जाऊन जीसीआय मॅडमला (मुलींच्या इन्स्ट्रक्टर) सांगते, ते चहाडी समजत नाहीत, सांगितलं नाही तर उलट बोलणी बसतात. काकू तुमच्या मुलासारखी न बोलणारी बडी होती माझी, तिच्या वतीनं मीच बोलायचे 😊 ऑब्स्टॅकलमध्ये हाय वॉल सगळ्यांना जड जाते, आम्हाला उस्ताद म्हणायचे जमत नसेल तर बाजूनं जा, उद्या परत बघू. चौथ्या दिवशी जमली. कॅम्पमध्ये मुली असतील तर लेडी इन्स्ट्रक्टर रात्री मुक्कामाला असते का, हे मुलींच्या आईवडिलांनी आवर्जून विचारा.

सिडको_बाबा

एवढं घाबरवू नका राव त्यांना. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी त्र्यंबकच्या बाजूला ७ दिवसांच्या कॅम्पला जाऊन आला. आल्यावर स्वतःचं ताट स्वतः धुवायला लागला, अंधाराची भीती गेली, नाईट मार्चला ध्रुवतारा कसा शोधायचा ते गच्चीत नेऊन आम्हाला दाखवलं. हे घरात बसून होत नाही. फक्त सर्टिफिकेटच्या नादी लागू नका, आम्हाला सांगितलं होतं एनडीएला उपयोग होतो, काही होत नाही, तिथे यूपीएससीची लेखी ९०० मार्कांची आणि एसएसबीची मुलाखत ९०० ची, खाजगी कॅम्पच्या सर्टिफिकेटला त्यात जागाच नाही.

नाशिककर_युटा

मी सध्या अमेरिकेत युटामध्ये आहे. इथल्या वाळवंटात आणि डोंगरात १९९० च्या दशकापासून बिघडलेल्या मुलांना सरळ करायचे कॅम्प जोरात चालायचे, बूट कॅम्प म्हणतात, मैलोन्मैल चालवायचं, कमी खायला द्यायचं. काही मुलं मेली. इथल्या संसदेसाठी सरकारी कामाची तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेनं २००७ मध्ये अशा कॅम्पमधल्या आणि निवासी संस्थांमधल्या १० मृत्यूंचा तपशील काढला. ती प्रकरणं वाचताना अंगावर काटा येतो कारण त्यात पुन्हा पुन्हा तेच आहे, मूल म्हणतंय मला होत नाही, तहान लागलीय, आणि कर्मचाऱ्यांना वाटतंय ढोंग करतोय. गडवाट यांनी करवंदीच्या जाळीचं लिहिलंय ते वाचून मला तेच आठवलं. इथे निवासी संस्थांमधल्या मुलांच्या छळाबद्दलचा केंद्राचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला, म्हणजे बघा किती वर्षं गेली. आपले कॅम्प तसे नाहीत, हे मान्य. पण ते "नाटक करतोय" तिथेही होतं आणि घोटीलाही.

घोटी_सिस्टर

मी या पट्ट्यात नर्स म्हणून काम केलंय म्हणून थोडंसं. उन्हात मूल असंबद्ध बोलायला लागलं की आधी गार करा मग गाडीत घाला, गाडीची वाट बघत नुसतं बसू नका. खूप उठाबशा, फ्रॉग जंप झाल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू फुटून किडनीवर लोड आलाय, लगेच हॉस्पिटल, हे मुलालाही सांगून ठेवा, लाजून लपवतात पोरं. आणि तंबूत जमिनीवर झोपवतात का ते विचारा. मण्यार रात्री फिरते, झोपेत चावते, दुखत नाही फारसं, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं आणि मग पापण्या जड होतात, लोकांना वाटतं जेवण बाधलं. खाली शिवलेला तळ असलेला तंबू नाहीतर खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. सापावरचं इंजेक्शन असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला आणि किती मिनिटांवर, हे कॅम्पवाल्याला पाठ पाहिजे. चिरा मारणं, दोरी आवळणं काही करायचं नाही, हलवू न देता आणायचं.

गडवाट_नाशिक

सिस्टर धन्यवाद, मण्यारचं मलाही एवढं माहीत नव्हतं. ताई अजून एक राहिलं, २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, तो कागद मागा. आणि वळवाचा पाऊस विसरू नका, मे मध्ये संध्याकाळी विजा सुरू झाल्या तर पोरांना धारेवरून खाली आणून कुठल्या पक्क्या छताखाली नेणार ते विचारा. तंबूला छत म्हणत नाहीत.

पाथर्डी_फाटा_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही दोघं इगतपुरीला जागेवरच जाऊन आलो. फोटोतला कडा आहे, छान आहे, पण सिक रिपोर्टचं विचारलं तर ते सर हसले, म्हणाले मॅडम आमच्याकडे कुणी आजारी पडत नाही. पाण्याच्या दोन टाक्या, एक रिकामी. दुपारी ३ ला ड्रिल आहे का विचारलं तर म्हणाले मुलं टफ व्हायला पाहिजेत ना. मिस्टरांनी गाडीत बसल्यावर स्वतःच सांगितलं की इथे नाही.

मग त्र्यंबककडचा एक बघितला, पाच दिवसांचा, ३० च मुलं, तिथल्या बाईंनी विचारायच्या आधी वही काढून दाखवली, रोज सकाळी कोण काय म्हणालं ते लिहिलेलं, "पोटात दुखतं, विश्रांती दिली, ४ ला परत आला" असं. नोंदणीचा कागद दाखवला, खाटा आहेत, ११ ते ४ शेडमध्ये. घरी फोन रोज रात्री दोन मिनिटं. तिथे नाव घातलं. शाळेत एनसीसीचं पण जूनमध्ये बघणार.

सुभेदार काका, तुमचं वाचून त्याला जेवताना म्हणायला लावलं, "सर, सिक रिपोर्ट". पहिल्यांदा ताटात बघून पुटपुटला. तिसऱ्यांदा बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाला. आज सकाळी नवीन बूट घालून खाली पळायला गेला आणि परत येऊन स्वतःहून म्हणाला आई टाच सोलली, बूट चावतोय. बूट बदलू का तेच वापरायला लावू? कॅम्पला अजून तीन आठवडे आहेत.

सुभेदार_रिटायर्ड_देवळाली

शाब्बास त्याला. बूट अंगठ्यापुढे अर्धा इंच मोकळा असेल तर बदलू नका, टाच बरी होईपर्यंत दोन-तीन दिवस चप्पल, मग रोज अर्धा तास घरातच घालायचा. आत पातळ मोजा, वर जाड मोजा, टाचेला आतून कोरडा साबण चोळायचा. मोजे ओले झाले की लगेच बदलायचे, सहा जोड द्या बरोबर.