बाबांना राघू हवाय, तो पाळता येत नाही. मग घरात कोणता पक्षी आणावा?

नमस्कार. घरची परिस्थिती कळल्याशिवाय कोणी सल्ला देऊ शकणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही नागपूरला राहतो. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गॅलरी पश्चिमेला. मागच्या वर्षी आई गेली, तेव्हापासून बाबा (वय 74) आमच्याकडे आहेत. आम्ही दोघं नऊला घराबाहेर पडतो, मुलगी शाळेतून तीनला येते. मधले सहा तास बाबा बंगईवर एकटे. टीव्ही त्यांना आवडत नाही. परवा जेवताना ताटाकडे बघतच म्हणाले, "मले एक राघू आणून दे. बोलाले तरी होईल कोणी." तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

त्यांच्या लहानपणी घरात राघू होता. ओसरीवर पिंजरा टांगलेला असायचा आणि आजीच्या आवाजात तो बाबांना हाक मारायचा, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलीये. गावाकडचा चुलतभाऊ लगेच म्हणाला, "पिंपळाच्या ढोलीतलं पिल्लू आणून देतो." मी नाही म्हटलं. आपला हिरवा पोपट, मोठा करण पोपट, मुनिया, मैना, हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली येतात. पिल्लू विकत घेतलेलं असो की फुकट मिळालेलं, घरात ठेवणं गुन्हाच. बाबांना समजावलं. ते रागावले नाहीत, नुसते गप्प झाले, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणजे आता परदेशी जातीचाच पक्षी बघायचा. बजरीगर (ज्यांना दुकानात सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते छोटे रंगीत पोपट) की कॉकटेल (डोक्यावर तुरा असलेला, जरा मोठा पोपट), इथे गाडी अडलीये. बाबांना बोलणारा, हातावर बसणारा पक्षी हवाय. मुलीला बालदमा आहे, थंडीत पंप लागतो. बाबा सकाळ-संध्याकाळ देवापुढे धूप-कापूर लावतात. आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

आणखी एक सांगायचंय. आठ वर्षांपूर्वी मी बजरीगरची 'जोडी' आणली होती. दुकानदाराने नर-मादी म्हणून दिली, वर अंडी घालायला मडकंही दिलं. दोन्ही माद्या होत्या, हे मला खूप उशिरा कळलं. एकदा पिंजरा साफ करताना दार उघडं राहिलं आणि त्यातली एक थेट चालू पंख्यात गेली. पंखा बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. दुसरी मी मोठा जाळीचा पिंजरा असलेल्या मैत्रिणीकडे दिली. त्यानंतर पक्षी आणायची हिंमत झाली नाही. आता आणायचा तर नीट माहिती घेऊनच. एक आणावा की दोन? कृपया अनुभव सांगा.

पाऊलवाट:

अमरावतीहून लिहितोय, बारा वर्षं बजरीगर पाळतोय. पंख्याचं आधी सांगतो, कारण आपल्याकडे बरेच पक्षी त्यानेच जातात. आमच्याकडे नियम असा: पिंजऱ्याची कडी काढायच्या आधी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. पक्षी आत गेला की मगच ती निघते. घरातल्या प्रत्येकाला ही सवय लागेपर्यंत पक्षी आणू नका.

नर-मादी ओळखायला चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीचा मांसल भाग बघा. मोठ्या नराचा निळा असतो, मादीचा तपकिरी किंवा फिकट पांढुरका. पिल्लांमध्ये तो गुलाबी-जांभळट असतो, तिथे चांगले जाणकारही चुकतात. (पांढऱ्या-पिवळ्या काही रंगांमध्ये मोठ्या नराचाही गुलाबीच राहतो.) वयाची खूण कपाळावर असते. पिल्लाच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत येतात आणि तीन-चार महिन्यांचा झाला की कपाळ स्वच्छ होतं. बाबांना माणसाळलेला पक्षी हवा असेल तर रेघा असलेलाच घ्या. बोलतात ते बहुतेक नरच.

मडकं अजिबात ठेवू नका. मडकं दिसलं की मादी अंडी घालत सुटते, अंगातला चुना (कॅल्शियम) संपतो, कधी अंडं आत अडकून जीव जातो. दुकानदार ते प्रेमाने देतात, पण पिल्लं वाढवायची नसतील तर त्याचं काही काम नाही.

तळेगावकर:

माझ्याकडे कॉकटेल आहे आणि मला स्वतःला दमा आहे, म्हणून तुमच्या लेकीसाठी लिहिते. कॉकटेल फार लाघवी. माझा नर दाराची बेल शिट्टीने वाजवतो. पण त्याच्या अंगावरून सतत पांढरी भुकटी झडते. काळ्या टेबलावर संध्याकाळपर्यंत थर दिसतो. मला तो आल्यापासून औषध वाढवावं लागलं. पक्षी आधीपासून घरात होता म्हणून निभावतेय, पण नव्याने आणायचा असता तर मी कॉकटेल आणला नसता. बजरीगरची भुकटी बरीच कमी, पण अजिबात नसते असं नाही. मुलीच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि ते नको म्हणाले तर तिथेच थांबा. पिंजरा तिच्या झोपायच्या खोलीत नको. तळाचा कागद रोज बदला आणि सुका झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. वाळलेली विष्ठा उडून श्वासातून गेली की माणसालाही संसर्ग होऊ शकतो.

धुपाचं सांगायचं तर बाबांचं देवघर आणि पिंजरा एका खोलीत चालणार नाहीत. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक. धूप, कापूर, मच्छर अगरबत्ती, खोलीत मारायचे सुगंधी फवारे, सगळंच बाधतं. त्याहून वाईट म्हणजे नॉनस्टिक तवा. रिकामा तवा गॅसवर राहून जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफेने काही मिनिटांत पक्षी मरतो, माणसाला वासही आलेला नसतो. आम्ही लोखंडी तवा आणि बिडाची कढई वापरायला लागलो.

एक की दोन यावर माझं मत: दिवसभर घरात माणूस असेल तर एक चालतो. एकटा पक्षी माणसाशी जास्त बोलतो.

पाऊलवाट:

इथे मी असहमत आहे. हे थव्याने राहणारे पक्षी, ऑस्ट्रेलियात हजारोंच्या थव्यात उडतात. बाबा चार दिवस गावी गेले, आजारी पडले, तर एकट्याने काय करायचं? आधी एक आणा. दोन-तीन महिने तो बाबांचाच राहू दे, हातावर येऊ दे, शब्द शिकू दे. मग दुसरा नर आणा. नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून तो निरोगी आहे हे बघा आणि मगच एकत्र करा. शिकलेले शब्द पहिला विसरत नाही, कधी कधी दुसऱ्यालाही शिकवतो. दोन नर छान नांदतात.

पिंजरा उंच आणि गोल नको. ते वर नाही, आडवे उडतात, म्हणून रुंदी बघा, दोघांसाठी किमान दोन-अडीच फूट. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. सोबत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन लावा. एकाच जाडीवर बसून पायाला फोड येतात.

हिरवाचाफा:

सुटसुटीत दोन मुद्दे. चुलतभावाला पिल्लू काढूच नका म्हणून आत्ताच सांगा, हौसेने आणून दारात उभा राहिला तर पंचाईत. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणलंच असेल तर लपवू नका, वन विभागाच्या 1926 वर फोन करा. तुमच्याच शहरात सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे असे पक्षी सांभाळतात.

दुसरं, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. त्यातल्या काही जातींसह बऱ्याच परदेशी पक्ष्यांची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बजरीगर आणि कॉकटेल त्या यादीत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला काल रात्रीच फोन केला, पिल्लू ढोलीतच आहे. मुलीच्या डॉक्टरांनी कॉकटेलला स्पष्ट नाही म्हटलं. बजरीगर आणून महिनाभर बघा, खोकला वाढला तर पक्षी दुसऱ्याकडे द्यायची तयारी ठेवा, असं म्हणाले. मैत्रिणीने तशी वेळ आली तर घ्यायचं कबूल केलंय. उन्हाळ्याचं अजून कोणी सांगितलं नाही, तेवढं सांगाल का? आणि खाण्याचं. बाबा त्याला चहात बुडवून बिस्किट देतील याची मला खात्री आहे.

पाऊलवाट:

चहा-बिस्किट बंद. चहा, चॉकलेट, मीठ, अव्होकॅडो हे विषासारखंच समजा. राळे आणि बाजरी मुख्य, सूर्यफूल क्वचित. रोज सांबार (कोथिंबीर), पालक किंवा मेथी स्वच्छ धुऊन गजाला जुडी बांधा. बाबांना सांगा, हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा द्यायचं काम तुमचं. त्यावर पक्षी तुटून पडतो. समुद्रफेसाचा (कटलफिश या समुद्री जिवाच्या हाडाचा) तुकडा कायम टांगलेला असावा, चुना त्यातून मिळतो.

मेमध्ये पश्चिमेची गॅलरी विसरा. तिथे ऊन, कावळे आणि मांजर तिन्ही आहेत. हॉलमध्ये आतल्या भिंतीला ठेवा. कूलरची हवा खोलीत असू दे, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. पाणी दिवसातून तीनदा बदला, दुपारी उथळ ताटलीत अंघोळीला पाणी ठेवा. चोच उघडी ठेवून धापा टाकत पंख अंगापासून दूर धरले की समजा उकाडा सोसत नाहीये, लगेच थंड खोलीत हलवा. रात्री दहा-बारा तास शांत अंधार हवा.

आजार हे पक्षी शेवटपर्यंत लपवतात. दिवसा पिसं फुगवून बसणं, तळाशी उतरणं, श्वासागणिक शेपटी हलणं यातलं काही दिसलं तर उद्यावर टाकू नका. पक्षी बघणारा डॉक्टर आत्ताच शोधून नंबर फ्रिजवर लावा.

मूळ प्रश्नकर्ती:

आज बाबांना घेऊन एका घरगुती पाळणाऱ्याकडे गेले होते. आधी ते बाहेर चपला काढायलाच तयार नव्हते, "ह्या रंगीत चिमण्या काय बोलतीन" म्हणत होते. मग एका पिंजऱ्यापाशी खुर्ची ओढून बसले ते पाऊण तास उठलेच नाहीत. हिरवा, पिवळ्या तोंडाचा, कपाळावर अजून चोचीपर्यंत रेघा. पाळणारा म्हणाला, स्वतः दाणे टिपायला लागून आठवडा होऊ द्या, मग न्या. पंधरा दिवसांनी आणायचं ठरलंय. आल्यावर बाबांनी स्वतः धुपाटणं उचलून मागच्या खोलीत नेलं आणि बटणावर चिकटपट्टी लावली.

आता एकच विचारायचंय. बाबा त्याला आजीच्या तोंडचं 'बाळ्या, जेवलास का' शिकवणार म्हणतात. बजरीगरला एवढं लांब वाक्य जमतं का, की सुरुवात नुसत्या 'बाळ्या'ने करू?